वाचलेल्यांची यादी

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती. लढाईच्या वर्षांत आजोबा बर्मिंगहॅमला जाऊन आले होते. आजी तसे सांगायची, थोरली फुफू अजूनही तसेच सांगते, आणि गावातली जुनी माणसे आमच्या घराला 'बर्मिंगामवाल्याचे घर' म्हणत. त्याला जोडून आणखी काही तपशील होते. त्यांची बोट जर्मनाने फोडली. दोन रात्री ते पाण्यात होते. घरी आले ते बकरी ईदच्या थोडे आधी, अंगावर कुणा गोऱ्याचे ढगळ कपडे घालून. बोटीचे नाव मात्र कुणालाच सांगता येत नव्हते.

दाभोळच्या खाडीकाठी आमचे गाव. मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या विलायती कंपन्यांच्या आगबोटींना डेकवरची माणसे कोकणातल्या ज्या गावांनी पुरवली, त्यांतले हे एक. घरटी एक तरी माणूस दर्यावर. बहुतेक खलाशी, कुणी कसाब, कुणी सुकाणी, नशीब असले तर टंडेल, आणि सगळ्या गावात मिळून एखादाच सारंग. त्याच बोटीच्या पोटात आग सांभाळणारे आगवाले पंजाबाकडचे, आणि वर सलूनमध्ये बटलर नि स्वयंपाकी गोव्याचे. आजोबा खलाशी म्हणून चढले आणि टंडेल म्हणून निवृत्त झाले, एवढे घरात माहीत होते. मी जन्मले त्याच्या आधीच ते गेले. मी शाळेत मराठी शिकवते. जहाजाचा पुढचा भाग कुठला आणि मागचा कुठला, हेही मला धड सांगता आले नसते. वडील वारल्यावर त्यांच्या कागदांत आजोबांचा एक फोटो मिळाला. डोक्यावर गोल टोपी, मागे धूसर कठडा. त्या फोटोमागे काहीही लिहिलेले नव्हते. तेव्हा वाटले, हा माणूस नेमका कुठे होता ते आपण शोधले पाहिजे. फुफू नव्वदीला टेकली आहे, तिच्यानंतर विचारायलाही कुणी उरणार नाही.

पहिली अडचण नावाचीच आली. आमचे आडनाव आज रेशनकार्डापासून घराच्या उताऱ्यापर्यंत सगळीकडे आहे. पण त्या काळी बोटीवर भरती होताना मुंबईचा खलाशी सहसा स्वतःचे आणि बापाचे एवढेच नाव सांगे, आणि समोरचा कारकून ते कानाला येईल तसे इंग्रजीत उतरवी. एकाच इब्राहिमची किंवा दाऊदची अक्षरे दर बोटीवर निराळी. त्यामुळे आडनाव घालून शोधणे म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडणे होते. आजोबांचे आणि पणजोबांचे नाव जोडून जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हा मी एका वहीत मांडल्या, तेव्हा पान भरले.

इंग्रजांनी बोटीवरच्या माणसांच्या याद्या जपल्या आहेत, हे मला कळले आणि आता काम सोपे झाले असे वाटले. हाती लागल्या त्या १९१५ सालच्या याद्या. लंडनमध्ये ग्रीनिचला राष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे, तिथल्या या याद्या कुणालाही फुकट पाहता येतात. जन्मस्थानाच्या रकान्यात 'बॉम्बे' असलेली माणसे त्यांत ढिगाने आहेत. रात्रभर वाचत बसले. पण ती लढाई पहिली, आजोबांची दुसरी; १९१५ साली ते पाळण्यात. मग १९१५च का? त्याचे उत्तर विचित्र आहे. ब्रिटिश जहाजांच्या जुन्या याद्या एवढ्या साठल्या की त्या एका ठिकाणी ठेवणे जमेना. एक दशांश नमुना लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने घेतला, ज्या वर्षाच्या शेवटी पाच येतो ती वर्षे ग्रीनिचला गेली, आणि सुमारे सत्तर टक्के गठ्ठे थेट कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाने उचलले. म्हणजे दापोली-गुहागरच्या एखाद्या खलाशाने १९२३ साली उठवलेला अंगठा आज अटलांटिकपलीकडच्या एका बेटावर असू शकतो. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत मात्र सुदैव आहे. १९३९ ते १९५० च्या याद्या क्यूलाच आहेत, 'बीटी ३८१' या क्रमांकाच्या मालिकेत. माझी भाची लंडनला असते. तिने वाचकाचे ओळखपत्र काढले आणि एका सुट्टीच्या दिवशी तिथे गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. "खाला, इथे माणसाचं नाव कामाचंच नाही. सगळं बोटीवर लावलेलं आहे." बोटीला नोंदणीच्या वेळी एक अधिकृत क्रमांक मिळतो, आणि गठ्ठे त्या क्रमांकाने लागलेले असतात. बोटींच्या हालचालींची कार्डे, 'बीटी ३८९', तीही बोटीच्या नावाने. बोटीचे नाव माहीत असेल तर दारे उघडतात. आमच्याकडे ते सोडून बाकी सगळे होते.

राहिले बर्मिंगहॅम. भाचीने नकाशा पुढ्यात ठेवला. हे शहर इंग्लंडच्या मधोमध आहे, तिथे समुद्र नाही. खलाशी तिथे जाईल कशाला? वाचत गेलो तसे एक कारण पुढे आले आणि घरात अस्वस्थता पसरली. लढाईच्या काळात बरेच हिंदी नाविक ब्रिटिश बंदरांत बोट सोडून निघून गेले आणि बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीकडच्या कारखान्यांत कामाला लागले. कारखान्यातला पगार बोटीवरच्या पगाराच्या कितीतरी पट होता. मग आजोबा पळाले होते का? चाचांना हा प्रश्नच सहन झाला नाही. "आमचा बा बोट सोडणारा नव्हता," एवढे बोलून ते उठून गेले.

मला मात्र त्या पळालेल्या माणसांबद्दल वाईट काही म्हणवत नाही. लढाई सुरू झाली तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे चाळीस हजार हिंदी नाविक होते. पुढे तो आकडा आणखी वाढला. काम तेच, धोका तोच, पण त्यांना करार वेगळा, जागा अपुरी, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक लहानसा हिस्सा. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये लढाई जाहीर होताच ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाशांनी काम थांबवले. त्यांनी वाढीव पगार आणि युद्धभत्ता मागितला. कित्येकांना तुरुंगात टाकले गेले, पण संप पसरत गेला आणि शेवटी पगार वाढवावे लागले. लंडनमध्ये सुरत अल्ली आणि कलकत्त्यात आफताब अली या दोघांनी हा लढा लावून धरला होता. आमच्या खाडीकाठच्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ही नावे कुठेच नाहीत, आणि ती असायला हवीत असे मला मनापासून वाटते.

मग मेलेल्यांच्या याद्या पाहिल्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग त्या सांभाळतो आणि नाव किंवा जहाज घालून त्यांत शोधता येते. त्या लढाईत सुमारे साडेसहा हजार हिंदी नाविक मेले. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नौदलाचे मोठे स्मारक आहे, दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्यांची नावे तिथे ब्राँझवर कोरली आहेत. तिथे आपली माणसे शोधायला जाल तर जवळजवळ रिकाम्या हाताने परताल. हिंदी करारावरच्या नाविकांची नावे वह्यांत लिहिली गेली, आणि त्या वह्या चितगाव आणि मुंबई अशा दोन ठिकाणी ठेवल्या गेल्या. मुंबईत त्यांची जागा मस्जिद बंदरचे इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारकही तिथेच आहे. 'गैरसोप्पा' नावाची एक बोट होती, आपल्या शेजारच्या गिरसप्प्याच्या नावाची. १९४१ च्या फेब्रुवारीत आयर्लंडच्या नैऋत्येला जर्मन पाणबुडीने तिला बुडवले. एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला, तिचा सेकंड ऑफिसर. बाकीचे एकाच पाण्यात, एकाच थंडीत मेले. पण तिच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे टॉवर हिलवर आणि खलाशांची नावे चितगाव-मुंबईच्या वहीत. या वाटणीचे समर्थन कुणी कसेही करो, मला ती अन्यायाचीच वाटते.

पण या सगळ्या याद्या मेलेल्यांच्या. आजोबा तर वाचले होते. आणि इथेच मी खरी गोंधळले. बुडालेल्या बोटीवरून जो परत आला त्याचे नाव कोरायचे कुणाला कारण नव्हते. कैदेत पडलेल्यांचाही काही माग लागतो: जर्मनांनी ब्रेमेनजवळ मिलाग नॉर्ड नावाच्या छावणीत व्यापारी जहाजांवरची माणसे ठेवली होती, त्यांत हिंदी नाविकांचा वेगळा भाग होता, आणि कैद्यांच्या नोंदी जिनिव्हाला रेडक्रॉसकडे आहेत. पदकांची यादी आहे, पण पदके आपोआप घरी येत नव्हती, खलाशाने अर्ज करून ती मागायची होती. आजोबांनी मागितली नसणार. गावात कुणाकडेच पदक पाहिल्याचे फुफूला आठवत नाही. मुंबईत एका कचेरीत जुनी रजिस्टरे विचारायला गेले तर "एवढं जुनं आता काही नाही" असे उत्तर मिळाले, तेही मान वर न करता.

मार्ग निघाला तो फुफूच्या पत्र्याच्या पेटीतून. मी तिला कितीदा तरी 'कागदपत्रे आहेत का' असे विचारले होते आणि ती नाही म्हणाली होती. एकदा बोलता बोलता मी विचारले, "बाबांची नळी कुठे गेली गं?" हा शब्द मी नुकताच वाचला होता, खलाशी आपला दाखला पत्र्याच्या नळीत घालून जपत, म्हणून दाखल्यालाच नळी म्हणत. फुफू म्हणाली, "नळी ना? ती आहे की. तू कागद कागद करत होतीस." उठली, पेटी उघडली, तिच्या लग्नाच्या ओढणीखालून तो दाखला काढून माझ्या हातात दिला.

खलाशाचा दाखला, म्हणजे आज ज्याला सगळे सीडीसी म्हणतात त्याची जुनी आवृत्ती. कसरीने कडा खाल्लेल्या. आत फोटो, अंगठा, उंची, ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा रत्नागिरी. पुढे रकाने: जहाजाचे नाव, त्याचा अधिकृत क्रमांक, चढल्याची तारीख नि बंदर, उतरल्याची तारीख नि बंदर, हुद्दा, आणि वर्तणुकीचा शिक्का. प्रत्येक ओळीत 'व्हेरी गुड'. मी उभी राहून वाचत होते आणि फुफू माझ्या तोंडाकडे पाहत होती. बोट सोडून पळालेल्या माणसाच्या दाखल्यावर असे शिक्के पडत नाहीत. चाचांना लगेच फोन लावला.

नोंदी सुरू होत होत्या १९४३ पासून. त्याआधीचे काहीच नाही, आणि आजोबा तर तिशीच्या दशकापासून दर्यावर होते. पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, लाल शाईत बारीक अक्षरे होती. भाचीने फोटो मोठा करून वाचली: पूर्वीचा दाखला समुद्रात गमावल्याने हा नवा दिला. तारीख जानेवारी १९४३. सफरीवर असताना खलाशांचे दाखले कप्तानाच्या ताब्यात असतात. बोट गेली की तेही जातात.

आता दोन टोके हाती होती. नवा दाखला जानेवारी १९४३ चा, आणि आजोबा परत आले बकरी ईदच्या आधी. पंचांगे नि तक्ते पाहून ताळा केला: त्या हिवाळ्यात बकरी ईद डिसेंबर १९४२ च्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे बोट त्याच्या आधी थोडेच दिवस बुडाली, आणि तीही मुंबईपासून फार लांब नाही. इंग्लंडकडे बुडाली असती तर ईदला ते घरी पोहोचलेच नसते. नोव्हेंबर १९४२ मध्ये हिंदी महासागरात बुडालेल्या बोटी भाची एकेक करून पाहत गेली, आणि मध्यरात्री तिने मला उठवले. "खाला, बर्मिंगहॅम शहर नाही. बर्मिंगहॅम बोट आहे. लढाऊ बोट."

बोटीचे नाव तिलावा. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची, १९२४ साली बांधलेली, दहा हजार टनांची. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून मोंबासा आणि दरबानकडे निघाली. पोटात साठ टन चांदी. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ कर्मचारी आणि चार तोफची, एकूण ९५८ माणसे. उतारूंत आफ्रिकेत धंदा-नोकरी असलेली गुजराती कुटुंबे पुष्कळ होती. २३ तारखेच्या पहाटे, सगळे झोपेत असताना, जपानच्या आय-२९ या पाणबुडीने टॉर्पेडो मारला. जीवरक्षक होड्यांवर एकच झुंबड उडाली. बोट लगेच बुडेना, म्हणून काही माणसे पुन्हा वर चढली, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला. होड्यांत आणि तराफ्यांवर तगलेल्यांना २५ तारखेला एच.एम.एस. बर्मिंगहॅम या क्रूझरने उचलले. ६७४ माणसे तिने वाचवली, आणखी चौघे 'कार्थेज' या दुसऱ्या जहाजाला सापडले. २७ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम मुंबईला लागली. २८० माणसे परत आली नाहीत.

दोन रात्री पाण्यात: २३ आणि २४. गोऱ्याचे ढगळ कपडे: आरमाराच्या बोटीवरच्या कुणा नौसैनिकाने आपले दिले असतील. फुफूला मी हे सगळे वाचून दाखवले. तिने एकच विचारले, "मग जर्मन नव्हता?" नाही, जपानी होता. ती म्हणाली, "रात्रीचं कुणाला दिसतंय."

तिलावाबद्दल आज बरेच लिहिलेले मिळते, पण कशामुळे ते सांगते. २०१७ मध्ये एका कंपनीने समुद्रतळातून तिच्यातली चांदी वर काढली, २,३६४ विटा. ती वर काढल्याच्या मोबदल्यावरून लंडनमध्ये खटला चालला आणि २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिका सरकारच्या बाजूने निकाल दिला. विटांची संख्या शेवटच्या विटेपर्यंत ठाऊक आहे. उतारूंच्या वारसांनीही खूप खटपट करून आपल्या माणसांची नावे गोळा केली आहेत, २०२२ मध्ये ऐंशी वर्षे झाली तेव्हा मुंबईत स्मरणसभा झाली, आणि याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मृतांत कर्मचारी २८. म्हणजे १९४ कर्मचारी जिवंत परतले. याच माणसांनी अंधारात होड्या सोडल्या, वल्ही मारली, पाण्यातून लोकांना वर ओढले, आणि बंदराला लागल्यावर नवा दाखला काढून पुन्हा दुसऱ्या बोटीवर चढले. आजोबांच्या नव्या दाखल्यावरची पहिली नोंद फेब्रुवारी १९४३ ची आहे. पाणबुड्या अजून त्याच समुद्रात होत्या. आजीच्या पदरी तेव्हा दोन मुले होती.

आजोबांचे नाव तिलावाच्या कागदावर आम्ही अजून पाहिलेले नाही. भाची क्यूला पुन्हा जाणार आहे, या वेळी बोटीचे नाव आणि अधिकृत क्रमांक घेऊन. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे, त्यात हिंदी खलाशांबद्दलच्या फायली आहेत. त्या मला स्वतः पाहायच्या आहेत. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य अभिलेखागारही पाहायचे राहिले आहे.

कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घरी दर्यावर गेलेले कुणी होते, त्यांना एवढेच सांगायचे आहे. परदेशी दप्तरांत शोधायच्या आधी घरातली पेटी उघडा, आणि घरातल्या सर्वांत जुन्या बाईला तिच्या शब्दांत विचारा. दाखला मिळाला तर तो लॅमिनेट करू नका, कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि बोटींची नावे, क्रमांक व तारखा वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. घर पाडताना, वाटणी करताना अशा पेट्या भंगारात जातात, आणि त्यांच्याबरोबर जे जाते ते लंडनला किंवा न्यूफाउंडलंडला मिळत नाही. आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये तिलावावरून परतलेला खलाशी, आगवाला, भंडारी किंवा बटलर तुमच्या घरात होऊन गेला असेल, तर त्याचे नाव लिहून ठेवा, छापा, आम्हाला कळवा. त्या १९४ जणांपैकी माझ्याजवळ आज एकच नाव आहे.